तळ्यावरून येणारा एप्रिलचा बर्फ



6 एप्रिल 2007 ची गोष्ट. अमेरिकेतल्या क्लीव्हलँड शहरात बेसबॉलचा सामना होता. आपल्याकडे क्रिकेट, तसा तिकडे बेसबॉल. वसंत ऋतू लागलेला, पण सामना चालू असतानाच बर्फ पडू लागला आणि खेळ सोडून द्यावा लागला. पुढचे तीन दिवसही सामने झाले नाहीत. त्यानंतरचे सामने तर मिलवॉकी शहरातल्या छताच्या मैदानावर न्यावे लागले. हा बर्फ आला होता शहराला लागून असलेल्या ईरी तळ्यावरून. तळ्यावरून बर्फ येतो कसा, तेही एप्रिलमध्ये? आज हेच समजून घेऊ.

अमेरिका आणि कॅनडाच्या सीमेवर पाच मोठी गोड्या पाण्याची तळी आहेत: सुपीरियर, मिशिगन, ह्युरॉन, ईरी आणि ओंटारियो. पाचही मिळून महाराष्ट्राच्या पाच भागांपैकी चार भाग व्यापतील, एवढी ती मोठी आहेत.

थंडीत पहाटे विहिरीवर गेलं की पाण्यातून वाफ निघताना दिसते. हवा गार, पाणी त्या मानानं कोमट, म्हणून. तिथंही तेच होतं. उत्तरेकडून गोठवणारा कोरडा वारा तळ्यावर येतो, पाण्याची ऊब आणि वाफ घेतो. ती हवा वर चढते, तिचे ढग होतात आणि पलीकडच्या काठावर बर्फ पडतो. या ढगांचे पट्टे अरुंद असतात. एका गावात गुडघाभर बर्फ, तर थोड्या अंतरावरच्या गावात लख्ख ऊन, असंही घडतं.

याचा खरा हंगाम नोव्हेंबर ते जानेवारी. तेव्हा पाण्यात उन्हाळ्याची ऊब शिल्लक असते. पाणी उशिरा तापतं आणि उशिरा निवतं, हे आपल्याला चुलीवरच्या हंड्यावरून ठाऊक आहेच. एप्रिलमध्ये उलटं होतं. जमीन तापू लागते, पण तळं अजून गारच असतं. पाणी आणि दीड किलोमीटर उंचीवरची हवा यांच्यात साधारण 13 अंशांचा फरक असला, तरच असा बर्फ पडतो. एप्रिलमध्ये पाणीच तीन-चार अंशांवर असतं. म्हणजे वरची हवा शून्याखाली नऊ-दहा अंश हवी. उत्तर ध्रुवाकडची थंडी उशिरा खाली घसरली, तरच हे जमतं. म्हणून एप्रिलचा असा बर्फ विरळा. तो ओला आणि जड असतो. त्याच्या भारानं फांद्या मोडतात, विजेच्या तारा तुटतात.

आता फळबागांचं पाहू. मिशिगन तळ्याच्या काठी चेरीच्या आणि सफरचंदाच्या बागा आहेत. वसंतात तळ्यावरून येणारा गार वारा कळ्यांना लवकर उमलू देत नाही, त्यामुळे बहुतेक वर्षी फुलं कडक थंडीतून वाचतात. जे तळं बर्फ पाडतं, तेच बागा राखतं. पण 2012 साली मार्चमध्येच उन्हाळ्यासारखी ऊब आली. झाडं आधीच फुलली आणि एप्रिलच्या थंड रात्रींनी बहर जाळला. मिशिगनमधलं आंबट चेरीचं सुमारे 90 टक्के पीक गेलं.

लक्षात घ्या, फुलाला बर्फापेक्षा जास्त धोका असतो तो आभाळ मोकळं झाल्यावरच्या निवांत, थंड रात्रीचा. उमललेली चेरी शून्याखाली दोन अंशांना इजा होऊ लागते. चार अंश खाली गेलं, तर जवळजवळ सगळी फुलं जातात. म्हणून काही शेतकरी रात्रभर तुषार सिंचन चालू ठेवतात. पाणी गोठताना ऊब सोडतं आणि ती कळीला वाचवते. मात्र ऊन पडून बर्फ वितळू लागेपर्यंत पाणी बंद करायचं नाही, नाहीतर नुकसान वाढतं.

आपल्या निफाडकडेही कडाक्याच्या थंडीत द्राक्षबागांमध्ये पहाटे शेकोट्या पेटवतात, ठिबकनं पाणी सोडतात. देश वेगळा, पण धडपड तीच. झाड कॅलेंडर बघत नाही, ऊब बघतं. म्हणून अवेळी ऊब आली आणि बाग लवकर फुलली, तर आनंदाबरोबर पुढच्या थंड रात्रींची तयारीही करायला हवी. तुमच्या गावात मोहोर, बहर किंवा वेलींना अवेळी थंडीपासून वाचवायला काय करतात, ते गटाच्या बैठकीत जरूर बोला. जुन्या बायकांना विचारा, त्यांच्याकडे बरंच सापडेल.