हवेचा चेंडू आणि शरीराचा तोल

घरांतील वृद्ध मनुष्य न्हाणीघरांत किंवा जिन्यावर पडला म्हणजे दोष ओल्या फरशीला दिला जातो. फरशीचा दोष असतोच. परंतु पाय निसटल्यावर क्षणार्धांत देह सावरून घेण्याची शक्ति आधींच क्षीण झालेली असते, याकडे कोणाचें लक्ष जात नाहीं. ही शक्ति दंडाच्या बेटकुळीची नव्हे. डोळे, अंतःकर्ण आणि स्नायु-सांध्यांतून मेंदूकडे जाणाऱ्या संवेदना यांच्या सहकार्यानें तोल राखला जातो. मेंदूचा हुकूम तत्काळ अमलांत आणण्याचें काम पोट, कंबर व पाय यांच्या स्नायूंचें.

या स्नायूंना वळण लावण्याचें एक साधन म्हणजे हवा भरलेला मोठा चेंडू. १९६३ सालीं इटलींतील अक्विलिनो कोसानी या कारखानदारानें तो तयार केला. मेरी क्विंटन या इंग्रज बाईंनीं तान्ह्या मुलांच्या उपचारांत, आणि स्वित्झर्लंडमधील बाझल येथील सुझाने क्लाइन-फोगेलबाख यांनीं मोठ्या माणसांच्या उपचारांत त्याचा उपयोग केला. तेथें तो पाहून गेलेल्या अमेरिकन लोकांनीं त्यास ‘स्विस बॉल’ म्हटलें, आणि इटलीचा चेंडू स्वित्झर्लंडच्या नांवावर जमा झाला! व्यायामशाळेंत तो आला मागाहून.

आपल्या तालमींत जमीन स्थिर असते आणि शरीर हलतें. येथें आधारच हलतो. चेंडू जमिनीला थोड्याशा भागानेंच टेकलेला असतो. बसणाराचा भार किंचित् कलला कीं तो गडगडूं पाहतो, आणि त्यास आवरण्यासाठीं पोटाचे खोल, आडवे स्नायु व मणक्यालगतचे लहान स्नायु सतत काम करीत राहतात. हवा थोडी कमी असेल तर चेंडू जमिनीवर अधिक पसरतो व कमी डळमळतो; म्हणून नवशिक्यानें तो फार टणक फुगवूं नये.

निवड करतांना रंग पाहण्यापेक्षां बसून पाहावें. पावलें सपाट टेकलीं असतां मांड्या जमिनीला समांतर, किंवा गुडघ्यांपेक्षां कंबर किंचित् वर, अशी बैठक यावी. सुमारें ५ फुटांपर्यंत उंचीच्या व्यक्तीस ४५ सेंटिमीटर व्यासाचा, साडेपांच फुटांपर्यंत ५५ चा, त्याहून उंच माणसास ६५ चा आणि ६ फुटांवर ७५ चा, असा स्थूल हिशेब आहे. आजोबा आणि नातू यांची एकाच चेंडूवर सोय करण्याची काटकसर येथें उपयोगी पडत नाहीं. छिद्र पडल्यास एकदम न फुटतां हळूहळू हवा सोडणारा चेंडूच घ्यावा. पहिल्या दिवशीं तो पूर्ण भरूं नये. एक दिवस ताणूं द्यावा, मग दाराच्या चौकटीवर व्यासाइतक्या उंचीवर पेन्सिलीची खूण करून तिच्यापलीकडे न जाईल इतकाच फुगवावा. ठिगळ लावून तो पुन्हा वापरणें धोक्याचें.

खालीं सतरंजी नसावी, ती सरकते; न घसरणारी रबरी चटई बरी. प्रथम नुसतें ताठ बसावें. तें साधलें कीं एकेक टांच, नंतर एकेक पाऊल उचलावें. पुढें उताणें निजून पोटऱ्या चेंडूवर ठेवाव्या व कंबर सावकाश वर उचलावी. श्वास कोंडूं नये. आरंभीं पांच मिनिटें पुष्कळ झालीं.

चेंडूवर पडून जड वजनें उचलणारे उत्साही लोक मात्र दोन्हींकडून फसतात. डळमळत्या आधारावर स्नायूस पूर्ण जोर लावतां येत नाहीं. निव्वळ बळ वाढवावयाचें तर घट्ट जमीनच चांगली. शिवाय चेंडू निसटला तर वजन अंगावर येतें. कचेरींत खुर्चीऐवजीं दिवसभर चेंडूवर बसण्याची टूमहि निघाली. पण पाठ थकली कीं माणूस तेथेंहि पोक काढूनच बसतो.

वृद्धांसाठीं भिंतीजवळचा प्रकार अधिक सुरक्षित. भिंत आणि कंबर यांच्यामध्यें चेंडू धरून गुडघे थोडेसे वाकवावे व पुन्हा उभें राहावें. समोर जड खुर्ची आणि शेजारीं घरचें माणूस असावें. ज्यांना चक्कर येते, ज्यांचीं हाडें ठिसूळ झालीं आहेत किंवा ज्यांच्यावर नुकतीच शस्त्रक्रिया झाली आहे, त्यांनीं आधीं डॉक्टरांस विचारावें. त्यांचा पहिला धडा बहुधा खुर्चीची पाठ धरून एका पायावर उभें राहण्याचा असेल. चेंडू कांहीं महिने माळ्यावर राहिला तरी चालेल.