हिटर गार पडला, तर आधी इंजिनाचं पाणी बघा

नंदुरबारात गाडीच्या हिटरवर व्याख्यान आहे म्हटल्यावर काही जण हसले. हसणारच. मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, तिथे हिटरचं कौतुक कोणाला? पण आपला जिल्हा काही तापीकाठावरच संपत नाही. वर सातपुडा आहे. तोरणमाळ ११०० मीटरच्या वर आहे. अक्कलकुवा तालुक्यात डाब, वालंबा भागात कडाक्याच्या थंडीत दव गोठतं. अशा दिवसांत पहाटे चांदसैली किंवा देवगोई घाटातून जीप खाली आणायची, आत आठ-दहा माणसं, काचा सगळ्या बंद. थोड्याच वेळात समोरची काच आतून पांढरी होते. मग ड्रायव्हर एका हातात स्टिअरिंग आणि दुसऱ्या हातात फडकं घेऊन वळण काढतो. तिथे हिटर ही चैन नसते, समोरचं दिसण्यासाठी तो लागतो.

आता हा हिटर चालतो कसा? पेट्रोल-डिझेलच्या साध्या गाडीत तो स्वतः उष्णता तयार करत नाही. डॅशबोर्डच्या मागे एक छोटा रेडिएटर असतो. आम्ही मेकॅनिक लोक त्याला हिटर कॉइल किंवा कोअर म्हणतो. इंजिनातलं गरम पाणी त्यातून फिरतं, ब्लोअर त्यावरून हवा ढकलतो, आणि ती हवा आत येते. म्हणजे हिटर हा इंजिनाच्या पाण्याच्या फेऱ्यातलाच एक भाग झाला. म्हणून तो गार पडला की आम्ही आधी बॉनेट उघडतो, डॅशबोर्डला हात नंतर.

पहिली तपासणी इंजिन पूर्ण गार असताना, पाण्याच्या पातळीची. गरम इंजिनाचं रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही. आतलं पाणी दाबाखाली असतं, १०० अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण सैल केलं की दाब सुटतो आणि वाफेसकट पाणी तोंडावर येतं. फडकं धरून उघडतो म्हणणारेही भाजतात.

पातळी कमी असेल तर नुसतं भरून मोकळं होऊ नका. पाणी गेलं कुठे, ते शोधा. होज पाइपचा क्लॅम्प, वॉटर पंप, रेडिएटरची शिवण बघा. पायाखालचं मॅट ओलं, आत गोडसर वास आणि काचेवर चिकट धुकं असेल तर हिटर कॉइलच गळते आहे. बाहेर कुठेच गळती नाही, धूर पांढरा आहे आणि ऑइल दुधाळ झालंय, तर हेड गॅस्केटचा संशय घ्यायचा.

आणि एक लक्षात ठेवा. चालता चालता गरम हवा अचानक गार यायला लागली, तर गाडी बाजूला घ्या. पाणी खूप कमी झालं की ते कॉइलपर्यंत पोचत नाही. टेंपरेचरचा सेन्सरही कोरडा पडला तर काटा गप्प बसू शकतो, आणि आत इंजिन तापत असतं. काटा ठीक आहे म्हणून तसंच पुढे गेलात तर इंजिन सीज होण्यापर्यंत वेळ येते.

पातळी बरोबर असेल तर इंजिन सुरू करा, हिटर पूर्ण गरमवर ठेवा, दहा-पंधरा मिनिटं जाऊ द्या. मग इंजिन बंद करून, डॅशबोर्डच्या भिंतीत शिरणारे दोन होज पाइप हाताने चाचपा. जरा जपून, भाजेल. इलेक्ट्रिक फॅन असेल तर तो इंजिन बंद असतानाही फिरू शकतो, बोटं लांब ठेवा.

दोन्ही पाइप चांगले गरम असतील तर पाण्याची बाजू ठीक आहे. दोष हवेच्या बाजूला आहे. गरम-गार करणारा फ्लॅप अडकला, त्याची केबल निसटली किंवा ब्लोअर कमी फेकतोय. ब्लोअर फक्त शेवटच्या स्पीडवरच चालत असेल तर बहुतेक रेझिस्टर जळालेला असतो. ही कामं तशी किरकोळ.

एक गरम आणि दुसरा गार असेल तर पाणी मध्येच अडतंय. हिटरचा व्हॉल्व्ह बंद किंवा कॉइल चोंदलेली. आपल्याकडे चोंदण्याचं मोठं कारण बोअरचं जड पाणी. वर्षानुवर्षं तेच भरलं की चहाच्या पातेल्यात बसतो तसा क्षार आत बसतो, आणि गंज वेगळाच. दोन्ही पाइप काढून उलट दिशेने कमी दाबाचं पाणी सोडा, बऱ्याचदा मोकळी होते. सर्व्हिसिंगच्या प्रेशर पंपाची तोटी लावू नका, कॉइल फुटेल. मग डॅशबोर्ड उतरवावा लागतो. नंतर कंपनीने सांगितलेलं कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटरच भरा. आपल्याकडे कूलंट गोठण्यासाठी कमी, गंजासाठी जास्त लागतं. जुनं काढलेलं कूलंट उघड्यावर ठेवू नका. ते चवीला गोड आणि विषारी असतं, जनावरं पितात.

दोन्ही पाइप कोमट आणि काटाही खालीच? मग थर्मोस्टॅट. इथे जरा थांबू या, कारण हा प्रकार आपल्या भागात फार आहे. उन्हाळ्यात गाडी तापते, आणि कोणीतरी थर्मोस्टॅट काढूनच टाकतो. साधारण ८२ ते ८८ अंशांना उघडणारा हा व्हॉल्व्ह, तो नसला की पाणी सतत रेडिएटरमधून फिरतं. हिवाळ्यात इंजिन नीट गरमच होत नाही, डिझेल जास्त जातं, झीज वाढते. घाट उतरताना तर इंजिनावर भार नसतो, उष्णता आणखी कमी, आणि नेमका तिथेच हिटर गार. बरं, उन्हाळ्यात तापण्याचं मूळ दुखणं बहुतेक वेळा चोंदलेला रेडिएटर किंवा न फिरणारा फॅन असतो, ते तसंच राहतं. आमचं स्पष्ट मत आहे, थर्मोस्टॅट परत बसवून घ्या.

पाणी नुकतंच बदललं असेल तर आत हवाही अडकते. गाडीचं तोंड चढाकडे करून, गार इंजिनावर झाकण उघडून, हिटर गरमवर ठेवून सुरू करा. बुडबुडे थांबेपर्यंत पाणी घालत जा. थांबतच नसतील तर पुन्हा हेड गॅस्केट.

काचेवरच्या धुक्यासाठी हिटरबरोबर एसीही लावा, आणि हवा बाहेरून घ्या. एसी हवेतला ओलावा काढतो. आतलीच हवा फिरवत ठेवलीत तर दहा जणांचा श्वास परत काचेवरच.

हो, मागून प्रश्न आला की उन्हाळ्यात याचा काही उपयोग? आहे. घाट चढताना काटा वर जायला लागला तर एसी बंद, काचा खाली आणि हिटर पूर्ण गरमवर. घाम फुटेल, पण इंजिनाची थोडी उष्णता त्या वाटेने निघते, आणि थांबायला सुरक्षित जागा मिळेपर्यंत वेळ मिळतो.

दुसरा प्रश्न, तोरणमाळला रात्री गाडीतच झोपायचं असेल तर हिटर चालू ठेवावा का? नाही. इंजिन चालू ठेवून बंद गाडीत झोपू नका. धुरातला कार्बन मोनॉक्साइड आत शिरला तर त्याला वास नसतो, झोपलेल्या माणसाला कळत नाही. निखाऱ्याची शेगडी आत घेणंही तितकंच घातक. गोधडी न्या.