सेजविक घराण्याचे दप्तर

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याच्या पश्चिमेला, बर्कशायरच्या डोंगराळ मुलखात स्टॉकब्रिज नावाचे गाव आहे. तिथले वकील थिओडोर सेजविक पुढे अमेरिकी प्रतिनिधिगृहाचे सभापती झाले आणि मग राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश. त्यांचे चारही मुलगे कायद्याच्याच वाटेने गेले. तिसरे थिओडोर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या नातवाने 1847 मध्ये नुकसानभरपाईच्या कायद्यावर ग्रंथ लिहिला. त्याआधी अमिस्ताद जहाजावरच्या आफ्रिकी बंदिवानांच्या वकिलांमध्येही तो होता. पहिल्या थिओडोरांची मुलगी कॅथरीन मारिया हिला मात्र वकिलीचे दार बंद होते. ती कादंबरीकार झाली, अविवाहित राहिली, आज या भावाच्या तर उद्या त्या भावाच्या घरी राहिली आणि दूर असलेल्यांना सतत पत्रे लिहीत राहिली. या कुटुंबाची पत्रे आणि कागद आज बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स हिस्टॉरिकल सोसायटीत आहेत. अशा मातब्बरांच्या दप्तरावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो: कागद त्यांनीच लिहिले, त्यांनीच जपले, मग त्यातून त्यांच्या मोठेपणाखेरीज काय हाती लागणार? माझ्या मते इथे नेमके उलट घडते. घराण्याने स्वतःविषयी जी कथा सांगितली, तिला छेद देणारा पुरावा त्याच घराण्याच्या दप्तरात सापडतो.

ती कथा एलिझाबेथ फ्रीमनची आहे. बेट या नावाने ती त्याच मुलखातल्या शेफील्डच्या अ‍ॅशली कुटुंबात गुलाम होती. मॅसॅच्युसेट्सच्या 1780 च्या राज्यघटनेने सर्व माणसे जन्मतः स्वतंत्र आणि समान असल्याचे जाहीर केले. त्यावर बोट ठेवून सेजविक आणि टॅपिंग रीव्ह या वकिलांनी ऑगस्ट 1781 मध्ये ग्रेट बॅरिंग्टनच्या न्यायालयात तिची आणि ब्रॉम नावाच्या गुलामाची बाजू मांडली. ज्यूरीने दोघांनाही स्वतंत्र ठरवले आणि तीस शिलिंग भरपाई दिली. अ‍ॅशलीने वरच्या न्यायालयात केलेले अपील पुढे सोडून दिले. नंतर फ्रीमनने सेजविकांच्या घरी पगारावर काम केले आणि मुलांना तिनेच वाढवले. तिला लिहिता-वाचता येत नव्हते, तिच्या हातचे एकही पत्र नाही. म्हणून तिचे म्हणणे आपल्यापर्यंत सेजविकांच्या तोंडूनच येते आणि ते एकसारखे येत नाही. कॅथरीनने 1853 मध्ये छापलेल्या लेखात म्हटले की, स्वातंत्र्याचा जाहीरनामा वाचला जाताना ऐकून फ्रीमनच्या मनात दाव्याचा विचार आला. कॅथरीनची मैत्रीण, इंग्रज लेखिका हॅरिएट मार्टिनो हिने 1838 मध्ये दिलेल्या हकिगतीत जेवणाच्या टेबलापाशी मोठी माणसे नव्या घटनेची चर्चा करत होती आणि वाढणाऱ्या बेटने ती ऐकली, असे आहे. दावा तर घटनेवर उभा होता, जाहीरनाम्यावर नव्हे. दोन्ही हकिगती दाव्यानंतर अर्ध्या शतकाहून अधिक काळाने छापल्या गेल्या. त्यामुळे न्यायालयाचे दप्तर जे ठामपणे सांगते, त्याच्या बाजूला त्यांचे वजन कमी धरावे लागते.

याच घराण्याच्या दप्तरात 1777 चा एक कागद आहे. तो टॉन नावाच्या स्त्रीला थिओडोर सेजविकांनी विकत घेतल्याचा आहे. ज्याने 1781 मध्ये गुलामगिरीविरुद्ध युक्तिवाद केला, त्याने चारच वर्षांपूर्वी एक माणूस विकत घेतले होते. मुलांच्या लिखाणात वडील मुक्तिदाता म्हणून उभे राहतात, पण हा कागद त्या चित्रात बसत नाही. यावर कोणी म्हणेल, एका पावतीवरून माणसाची परीक्षा कशाला? न्यायनिवाडा हा इथला विषयच नाही. पावतीमुळे 1781 चा निकाल लहान होत नाही. उलट, ज्या समाजातून तो आला तो किती गुंतलेला होता आणि फ्रीमनने आपल्या वकिलाला किती लांब खेचून आणले, हे त्यातून दिसते.

दुसरा आक्षेप खासगीपणाचा. थिओडोर राजकारणासाठी वर्षानुवर्षे न्यूयॉर्क आणि फिलाडेल्फियाला राहिले. पत्नी पामेला घरी एकटीने संसार ओढत राहिल्या. त्यांना नैराश्याचा विकार होता आणि 1807 मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांची पत्रे वाचायचा आपल्याला काय अधिकार, हा प्रश्न रास्त आहे. तरीही त्या काळच्या कायद्यात विवाहित स्त्रीचे अस्तित्व पतीच्या अस्तित्वात विरघळलेले होते. न्यायालयाच्या कागदांत तिची तक्रार शोधायला जागाच नव्हती. जिला घराबाहेर कुठेही स्वतःच्या नावाने बोलता येत नव्हते, तिचे बोलणे पतीला लिहिलेल्या पत्रांतच राहू शकले. कॅथरीनची निवडक पत्रे 1871 मध्ये ग्रंथरूपाने छापली गेली. पण निवड म्हटली की अशी पत्रे आधी वगळली जातात, आणि मग काय गाळले हे ताडायला मूळ दप्तरच हाताशी असावे लागते.