चारी चाकांची ओढ

घोड नदीच्या कांठीं शिरूर, भीमेच्या कांठीं दौंड. पुणें जिल्ह्यांतील या दोन तालुक्यांत मोटारचालकाची दुहेरी परीक्षा होते. डांबरी सडक सोडून शिवाराकडे वळलें कीं अनेक ठिकाणीं काळी जमीन लागते. पावसांत ही माती फुगते, टायरच्या खांचांत भरते आणि चाक जागच्या जागीं फिरूं लागतें.

अशा वेळीं इंजिनाची शक्ति चारी चाकांना देणारी गाडी उपयोगी पडते. दुसऱ्या महायुद्धांत, १९४१ पासून, अमेरिकन सैन्यासाठीं विलीज जीप बनूं लागली व ही रचना जगभर परिचित झाली. तथापि चारी चाकांची ओढ गाडीला पुढें नेते, थांबवीत नाहीं. ओल्या सडकेवर ब्रेक दाबल्यास ही गाडी इतर मोटारींहून लवकर थांबेल, हा भ्रम होय. शिवाय उंच गाडीला वळणावर कलंडण्याचें भय अधिक.

जिची पुढची जोडणी चालकास स्वतः करावी लागते, अशा साध्या रचनेच्या गाडींत ती कोरड्या सडकेवर सोडून ठेवावी. वळतांना पुढचीं चाकें मागच्यांहून अधिक अंतर चालतात. दोन्ही आंस एकत्र जखडल्यास ताण दंतचक्रांवर पडतो. चिखलांत चाकें किंचित घसरून तो निघून जातो.

गाळांत शिरण्यापूर्वीं उतरून वाट पायीं पाहावी. जोडणी आधींच करावी, मंद गिअर घ्यावा, वेग एकसारखा राखावा. चाक रुतल्यास जोर देऊं नये. माती उकरून खालीं दगड वा फांद्या घालाव्या. ओढा वाहता असेल तर मात्र थांबावें. दोन फूट वाहतें पाणीही मोठी मोटार उचलून नेऊं शकतें. पाणी ओसरेपर्यंत तास-दोन तास जातील. घाईनें जीव जाईल.