हिरव्या बटणामागचं नाव

भाईंदर पूर्वेच्या औद्योगिक गाळ्यांत स्टीलची भांडी घडतात. गोल पत्रा, ज्याला तिथे ‘सर्कल’ म्हणतात, प्रेसखाली जातो आणि डब्याचा आकार घेऊन बाहेर येतो. मग बफिंगच्या चाकावर त्याला चकाकी चढते. या साऱ्या धडधडीची सुरुवात होते ती भिंतीवरच्या एका पेटीपासून. हिरवं बटण दाबलं की आत ‘खट्ट’ असा आवाज होतो आणि मोटर फिरू लागते. ही पेटी म्हणजे स्टार्टर, आणि महाराष्ट्रात स्टार्टर म्हटलं की वर्षानुवर्षं एक नाव तोंडी येत आलं आहे: एल अँड टी.

ऑटोमेशन म्हणजे रोबो आणि संगणकाचे पडदे, असं आज वाटतं. त्याचा पाया मात्र या पेटीत आहे. बटण दाबताच कॉइल चुंबक बनते आणि कॉन्टॅक्टरचे संपर्क ओढून धरते. बोट उचललं तरी सोडत नाही. लाइट गेली की मात्र पकड सुटते, आणि लाइट परत आली तरी मोटर आपणहून सुरू होत नाही. बंद चाकाशी कोणाचा हात असेल, तर तो त्यामुळेच शाबूत राहतो. शेजारचा ओव्हरलोड रिलेही तितकाच जागा असतो. मोटरवर भार वाढला की त्यातली दोन धातूंची जोडपट्टी तापून वाकते आणि कॉइलचा पुरवठा तोडते. रिवायंडिंगचा खर्च वाचतो. विहिरीवरच्या पंपाशेजारी ‘एमके-१’ स्टार्टर बसवणाऱ्या शेतकऱ्याला हे वेगळं सांगावं लागत नाही.

एल अँड टी, म्हणजेच लार्सन अँड टुब्रो, ही कंपनी सुरू झाली ती दोन डॅनिश अभियंत्यांच्या भागीदारीतून. हेनिंग होल्क-लार्सन आणि सोरेन टुब्रो सिमेंटच्या यंत्रसामग्रीच्या कामासाठी भारतात आले आणि १९३८ मध्ये त्यांनी मुंबईत स्वतःचं बस्तान मांडलं. त्यांची कचेरी इतकी चिंचोळी होती, की एका वेळी दोघांपैकी एकालाच तिथे बसता येई. धंदा होता डॅनिश यंत्रं आयात करण्याचा. १९४० मध्ये जर्मनीने डेन्मार्क घेतला आणि माल येणंच थांबलं. तेव्हा दोघांनी छोटी कार्यशाळा टाकली, जहाजांची दुरुस्ती हाती घेतली. बाहेरून येत नाही ते इथे करायचं, ही सवय त्या अडचणीतच लागली असावी.

१९४६ मध्ये खासगी मर्यादित कंपनी झाली. १९४८ मध्ये पवईला ५५ एकर दलदल आणि झाडोऱ्याची जमीन घेतली. पुढे त्याच पवईत स्विचगिअरचा, म्हणजे अशा विजेच्या पेट्यांचा, कारखाना उभा राहिला आणि नंतर अहमदनगर, महापे अशी त्याची शाखावाढ झाली. स्टार्टर आणि कॉन्टॅक्टरपासून निघालेला हा विभाग मीटर, ड्राइव्ह आणि संपूर्ण कारखाना चालवणाऱ्या नियंत्रण यंत्रणांपर्यंत पोहोचला. नावही ‘इलेक्ट्रिकल अँड ऑटोमेशन’ असं झालं.

आणि कंपनीच्या ऐंशीव्या वर्षी तो विकला गेला! मे २०१८ मध्ये श्नायडर इलेक्ट्रिकशी १४,००० कोटी रुपयांचा रोख करार झाला. दोघांचा मिळून बाजारातला हिस्सा एवढा मोठा होता, की स्पर्धा आयोगाने २०१९ मध्ये अटी घालूनच मंजुरी दिली. व्यवहार पूर्ण झाला ऑगस्ट २०२० मध्ये. बांधकाम, संरक्षण अशा प्रचंड कामांच्या कंपनीने घराघरांत पोहोचलेला विभाग सोडावा, याची हळहळ विजेची पॅनेल बांधणाऱ्यांना वाटली तर ती रास्तच होती. वायर कापून, लग दाबून, फेरूल चढवून ज्याने आयुष्य काढलं, त्याच्यासाठी एल अँड टीचा शिक्का म्हणजे गिऱ्हाइकाला दिलेला शब्द होता.

एल अँड टी हे नाव मूळ कंपनीकडेच राहणार होतं. म्हणून २०२४ मध्ये नवं नाव आलं: लॉरिट्झ क्नुडसन. हाही डॅनिशच, त्याने १८९३ मध्ये डेन्मार्कमध्ये सुरू केलेली कंपनी श्नायडरकडे आधीपासून होती. दोन डॅनिश माणसांची नावं पेटीवरून उतरली आणि तिसऱ्याचं चढलं.

दुकानात मात्र गिऱ्हाईक अजून विचारतं, “एल अँड टीचा कॉन्टॅक्टर आहे का?” आणि दुकानदार न बोलता नव्या नावाचा खोका पुढे करतो.