पाळीची वही

औरंगाबाद आणि परभणी जिल्ह्यांतील तालुके वेगळे काढून १ मे १९८१ रोजी जालना हा स्वतंत्र जिल्हा झाला आणि अंबडकरांची जिल्हा कचेरी एकाएकी हाकेच्या अंतरावर आली. त्याच वर्षीच्या नवरात्रात मत्स्योदरीच्या डोंगरावरील सेवेकऱ्यांच्या पाळ्या लावण्याचा जिम्मा माझ्याकडे आला. मी शाळामास्तर असल्यामुळे मला हजेरी घेता येते, एवढी एकच पात्रता ज्येष्ठांनी पाहिली होती. आणि आज चाळीसांहून अधिक वर्षांचे ते दप्तर पुढे घेऊन बसलो असता, त्यांनी नेमकी तीच पात्रता पाहिली याबद्दल मला त्यांचे ऋण वाटते.

बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगितले पाहिजे की, माशाच्या आकाराचा डोंगर म्हणून ही देवी मत्स्योदरी. महाकाली, महालक्ष्मी व महासरस्वती अशा तिन्ही रूपांत तिची येथे पूजा होते, आणि ज्या अंबरीष राजाच्या नावाशी लोक अंबडचे नाव जोडतात, त्याची कथाही याच डोंगराभोवती सांगितली जाते. नवरात्रात शहागड, वडीगोद्री, घनसावंगी या बाजूंनी रात्रभर अनवाणी चालत आलेली माणसे पहाटे पायऱ्यांशी पोचतात, तेव्हा त्यांना प्रथम देवी नव्हे, पाणी लागते. मग चपला ठेवायला जागा, वृद्धांना पायरीवर हात, आणि गर्दीत हात सुटलेल्या पोराला आई सापडेपर्यंत बसायला कोणाची तरी मांडी. आमचे काम एवढेच होते.

पहिल्या वर्षी मी मोठी चूक केली. गावातील तालमी, भजनी मंडळे आणि शाळेची मोठी मुले यांना मी सरसकट बोलावणे पाठवले आणि भाविकतेवर विश्वास ठेवून स्वस्थ बसलो. पहिल्या माळेला इतके लोक आले की, एकेका घागरीला तीन-तीन हात लागले; सातव्या-आठव्या माळेलाही तीच गत. परंतु तिसऱ्या माळेच्या दुपारी, आश्विनाच्या उन्हात पायऱ्या तापलेल्या असताना, डोंगराच्या मध्यावरील पाण्यापाशी मी आणि नववीतला एक मुलगा असे दोघेच उरलो, आणि वर चढणारे एक आजोबा आमच्या डोळ्यांदेखत भोवळ येऊन बसले. त्यांना सावलीत न्यावे तर घागरीपाशी कोणी नाही, आणि घागर सोडू नये तर त्यांना धरणारा कोणी नाही. त्या मुलाने त्यांना पाठीवर घेतले. आजोबा सुखरूप घरी गेले. पण भक्तीचा पूर जसा खरा, तसाच तिचा ओहोटही खरा, आणि त्या ओहोटीच्या वेळेची तजवीज करणे यालाच पाळ्या लावणे म्हणतात, हे मला त्या दुपारी कळले.

दुसऱ्या वर्षी मी वही आखली. तिच्यात चार रकाने होते: नाव, गल्ली, वेळ आणि बदली. पहिले तीन कोणीही आखील. चौथ्यासाठी मात्र मला घरोघर जाऊन भांडावे लागले. आपण न आलो तर आपल्या जागी कोण येणार, हे आधी लिहून द्यायचे म्हणजे आपल्या श्रद्धेवरच संशय घेतला, असे लोकांना वाटे. पायऱ्यांच्या तोंडाशी वर्षानुवर्षे पाणी देणाऱ्या एका मावशींनी तर स्पष्ट सांगितले, "नाव कशाला लिव्हता भाऊ, मी येतच असते." त्या खरोखरच येत, पांढऱ्या फडक्याची गाळणी दुहेरी करून, तांब्याची धार तोंडापासून वीतभर उंच धरून, एकाही माणसाच्या ओठाला भांडे न लागू देता त्या पाणी देत. परंतु एका वर्षी त्यांच्या सुनेचे बाळंतपण नेमके पाचव्या माळेला आले. त्या सकाळी निरोप धाडण्याऐवजी त्या स्वतः आल्या, शेजारच्या मुलीला घागरीपाशी उभी केली, फडके कसे धरायचे ते दाखवले आणि जाताना म्हणाल्या, "हिचं नाव लिव्हा आता." तेव्हापासून चौथ्या रकान्यासाठी मला कोणाशी वाद घालावा लागला नाही.

या वहीत कसब्यातील एका कल्हईवाल्या चाचांचीही पाळी असे. ते मुसलमान, देवीच्या दर्शनाला ते येत नसत. परंतु घटस्थापनेच्या आधी प्रसादाची मोठी पातेली त्यांच्या भट्टीवर तापत, ते नवसागराची पूड टाकून कथलाची कांडी फिरवीत, आणि कापसाच्या बोळ्याने ती चकाकी काठापर्यंत ओढून नेत. मजुरी घेत नसत. मात्र आपला दिवस वहीत रीतसर लिहिलेला त्यांना हवा असे. एका वर्षी माझ्याकडून तो लिहायचा राहिला, तेव्हा त्यांनी पातेली परत पाठवली नाहीत, पण वही आणायला लावली. सेवा करणाऱ्यास मोबदला नको असला, तरी आपली नोंद झाली पाहिजे असे वाटणे हा अहंकार नव्हे. ज्याच्यावर विसंबून काम चालले आहे, त्याला विसंबले जात असल्याची खूण हवी असते.

१९९३ च्या ३० सप्टेंबरला पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा आमच्याकडे नवरात्राची यादी तयार होतीच. त्याच यादीतील माणसे आम्ही भाकरीची पोती घेऊन पाठवली. आणि परत आल्यावर त्यांनी जे सांगितले, ते पहिल्या वर्षीच्या माझ्या अनुभवाचेच भयंकर मोठे रूप होते. रस्त्यांवर मदतीच्या मालमोटारी आणि जुन्या कपड्यांचे ढीग, पण पडलेल्या भिंतींपाशी दगड उचलायला कोणी कुठे उभे राहावे हे सांगणारा माणूस नाही. करुणा तिथे उणी नव्हती.

मुंबईत नागपाड्यासारख्या दाटीच्या वस्तीत अमेरिकन मराठी मिशनच्या क्लिफर्ड मॅनशार्ट यांनी १९२६ च्या सुमारास नागपाडा नेबरहुड हाऊस उभारले आणि १९३६ मध्ये तेथूनच सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क सुरू झाले, हे मी फार उशिरा वाचले. आजची टाटा सामाजिक विज्ञान संस्था ती हीच. धर्मप्रेरणेने सुरू झालेल्या सेवेला शिक्षणाची जोड लागते, हा निष्कर्ष त्या मिशनरी गृहस्थाने दहा वर्षांत काढला. आम्हाला इतके दूर जाण्याची गरज नव्हती. शेगावच्या श्रीगजानन महाराजांची पालखी पंढरपूरहून परतताना आमच्या भागातून जालन्याकडे जाते. तिच्यातील वारकऱ्यांची शिस्त आणि शेगाव संस्थानातील सेवाधाऱ्यांची ठरलेल्या मुदतीची सेवा पाहिल्यावर मी वहीत एक सुधारणा केली. तोवर मी लोकांना "याल ना?" असे विचारीत असे, त्यानंतर "कोणत्या माळेला, किती वाजता?" असे विचारू लागलो. होकार देणे सोपे असते, वेळ देणे कठीण. आणि कठीण गोष्ट मागितली की, माणसे ती अधिक प्रामाणिकपणे देतात, असा माझा अनुभव आहे.

२०१३ च्या उन्हाळ्यात ही वही डोंगरावरून गावात उतरली. बहात्तरनंतरचा तो सर्वांत कठीण दुष्काळ. तालुक्यातील मोसंबीच्या बागा वाळल्या आणि लोकांनी त्या स्वतःच्या हातांनी तोडल्या. गुढीपाडव्याला बाजारपेठेत आम्ही पाणपोई घातली. खाली वाळू, वर रांजण, भोवती ओले गोणपाट. पाणी वाटण्याच्या पाळ्या लगेच भरल्या. परंतु दर तिसऱ्या दिवशी भल्या पहाटे काथ्याने रांजण आतून घासण्याच्या पाळीपुढे एकही नाव पडेना. शेवटी गावातील एका नावाजलेल्या दुकानदारांनी स्वतःहून ती पाळी घेतली आणि मृगाचा पाऊस पडेपर्यंत बिनतक्रार पाळली. त्या उन्हाळ्यात त्यांनी गल्ल्यावर किती कमावले, हे आता कोणाला आठवत नाही; रांजण मात्र सर्वांना आठवतो.

२०२० च्या नवरात्रात महासाथीमुळे मंदिरांची दारे बंद होती. त्या वर्षी वहीतील वेळा त्याच राहिल्या, फक्त ठिकाणे बदलली. ज्या घरांत आजारी माणसे एकटी होती, त्यांच्या उंबऱ्यावर डबा ठेवून, कडी वाजवून, चार पावले मागे उभे राहणे ही पाळी झाली. पायऱ्यांच्या तोंडाशी पाणी देणाऱ्या मावशी त्याआधीच वारल्या होत्या. त्यांनी उभी केलेली ती शेजारची मुलगी, आता स्वतः आजी झालेली, आमच्या गल्लीतील डब्यांचे पाहात होती. पुढील वर्षी ७ ऑक्टोबर २०२१ रोजी, घटस्थापनेच्याच दिवशी, राज्यातील मंदिरे उघडली, तेव्हा पहाटे चार वाजता डोंगराच्या पायथ्याशी ती दुहेरी फडके घेऊन उभी होती.

आता वही माझ्याकडे नाही. माझ्या एका विद्यार्थ्याकडे आहे, आणि तो ती मोबाइलवरही ठेवतो. परंतु कागदाची वही त्याने मोडली नाही. यंदाही पहिली, सातवी आणि आठवी माळ भरून गेली आहे. तिसऱ्या माळेच्या दुपारी बारा ते चार या पाळीत चार नावे अद्याप कमी आहेत. अंबडच्या ज्या वाचकांना त्या दिवशी सवड असेल, त्यांनी कृपा करून आपले नाव आणि आपल्या बदलीचे नाव, दोन्ही कळवावीत.