डिजिटल कॅमेऱ्याची निवड : काही गैरसमज आणि वस्तुस्थिती

डिजिटल कॅमेरा विकत घेण्याचा मनसुबा करून दुकानात पाऊल टाकणाऱ्या गृहस्थाचा पहिला प्रश्न बहुधा "किती मेगापिक्सेलचा?" हाच असतो, आणि ज्या अर्थी खोक्याच्या दर्शनी भागावर, जाहिरातीच्या मथळ्यात व विक्रेत्याच्या तोंडी हाच आकडा अग्रभागी असतो, त्या अर्थी सामान्य ग्राहकाने तोच गुणवत्तेचा निकष मानावा, यात नवल नाही. परंतु एखाद्या मध्यमवर्गीय कुटुंबाने काटकसर करून साठवलेली रक्कम एका आकड्याच्या भरवशावर खर्ची पडावी, ही गोष्ट मनाला लागणारी आहे. सबब या विषयातील रूढ समजुतींची एकदा नीट छाननी होणे अगत्याचे आहे. कॅमेरा हे मूलतः प्रकाश गोळा करण्याचे उपकरण आहे. लेन्समधून किती प्रकाश आत येतो आणि तो आत किती मोठ्या पृष्ठभागावर पडतो, या दोन गोष्टी जोवर ध्यानात येत नाहीत, तोवर उरलेले तपशील ग्राहकाची दिशाभूलच करतात, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रथम मेगापिक्सेलचाच विचार करू. एक मेगापिक्सेल म्हणजे दहा लाख चित्रबिंदू. घरातील भिंतीवर शोभेल असे १२ इंच लांब व ८ इंच रुंद छायाचित्र, इंचाला ३०० बिंदू या उत्तम छपाईच्या मापाने काढावयाचे म्हटले, तरी ३६०० गुणिले २४०० म्हणजे सुमारे ८६ लाख बिंदू पुरतात. आणि ज्याला आपण फोर-के म्हणतो त्या दूरचित्रवाणी संचाचा अवघा पडदा ३८४० गुणिले २१६०, म्हणजे ८३ लाखांच्या आसपास बिंदूंचाच असतो. शिवाय चित्राची लांबी आणि रुंदी दुप्पट व्हावयाची, तर बिंदूंची संख्या चौपट करावी लागते. त्यामुळे २० मेगापिक्सेलवरून २४ वर गेल्याने जो फरक पडतो तो डोळ्यांना जाणवतही नाही. १९७५ साली कोडॅक कंपनीत स्टीव्हन सॅसन यांनी जो आद्य डिजिटल कॅमेरा जुळवला, त्याचे चित्र अवघ्या १०० गुणिले १०० बिंदूंचे होते आणि ते कॅसेटच्या फितीवर उतरण्यास २३ सेकंद लागत. १९९९ सालचा निकॉन डी१ हा कॅमेरा २७ लाख बिंदूंचा होता. त्या काळात बिंदूंची टंचाई हीच खरी अडचण होती, म्हणून त्यांची मोजदाद महत्त्वाची ठरली. पुढे अडचण सरली, पण मोजदादीची सवय मात्र कायम राहिली. वास्तविक २००७ साली वृत्तछायाचित्रकारांसाठी निघालेला निकॉन डी३ केवळ १२ मेगापिक्सेलचा होता आणि त्याने अंधुक प्रकाशात काढलेली चित्रे आजही पाहत राहावीत अशी आहेत. मोठ्या फलकांसाठी छपाई करणारे, किंवा दूरच्या पक्ष्याचे चित्र कापून मोठे करणारे, यांना अधिक बिंदूंचा उपयोग होतो हे खरे. इतरांनी या बाबीवर वाढीव पैसा मोजू नये.

मग पाहावे काय? तर ज्या पृष्ठभागावर हे बिंदू मांडलेले असतात त्या सेन्सरचे आकारमान. फुल-फ्रेम म्हणून ओळखला जाणारा सेन्सर ३६ मिलिमीटर लांब व २४ मिलिमीटर रुंद, म्हणजे ८६४ चौरस मिलिमीटर असतो. एपीएस-सी वर्गातला सुमारे २३.५ गुणिले १५.६, आणि खिशात मावणाऱ्या स्वस्त कॅमेऱ्यांतला पुष्कळदा ६.२ गुणिले ४.६, म्हणजे जेमतेम २८ चौरस मिलिमीटर. पहिल्यात आणि शेवटच्यात तीसपटीचे अंतर आहे. एकाच एकर जमिनीचे वाटेकरी चारांचे सोळा केले म्हणून जसे शेतातले एकूण पीक वाढत नाही, तसेच २८ चौरस मिलिमीटरांत बिंदू कितीही दाटीवाटीने बसवले, तरी तिथे पडणारा प्रकाश तेवढाच राहतो. दुर्दैवाने खोक्यावर हे क्षेत्रफळ क्वचितच छापलेले असते. त्याऐवजी 'एक इंच' किंवा तत्सम माप दिलेले आढळते, आणि तेही शब्दशः घेऊ नये. ती पद्धत जुन्या दूरचित्रवाणी कॅमेऱ्यांतील काचनळ्यांच्या बाहेरील व्यासावरून आली आहे, आणि एक इंची सेन्सर प्रत्यक्षात १३.२ गुणिले ८.८ मिलिमीटरच असतो. खरेदीपूर्वी तपशीलपत्रकात मिलिमीटरमधील आकडे शोधून काढावेत. निवडीचा अर्धा उलगडा तिथेच होतो.

याच हिशेबाने मोबाईलविषयीचे दोन परस्परविरोधी ग्रह तपासता येतात. मोबाईल असताना कॅमेऱ्याचे प्रयोजनच उरले नाही असे एक पक्ष म्हणतो, तर कोणताही कॅमेरा मोबाईलहून सरसच असणार असे दुसरा गृहीत धरतो. चांगल्या मोबाईलच्या मुख्य कॅमेऱ्याचा सेन्सर आज त्या स्वस्त, खिशातल्या कॅमेऱ्याच्या सेन्सरहून मोठा असतो आणि अनेक चित्रे क्षणार्धात एकत्र करून दोष झाकण्याची गणनशक्तीही त्याच्यापाशी असते. २०० मेगापिक्सेलचा मोबाईलसुद्धा एरवी सोळा-सोळा बिंदूंची बेरीज करून १२.५ मेगापिक्सेलचेच चित्र देतो. तेव्हा सहलीची, घरगुती समारंभाची, दिवसाउजेडी काढलेली चित्रे एवढीच ज्याची गरज, त्याने कॅमेऱ्यासाठी खर्च न करणेच किफायतशीर. मात्र दूरचा विषय, वेगवान हालचाल आणि अपुरा उजेड या तिन्हींपैकी एकाशी जरी नित्य गाठ पडत असेल, तरी एपीएस-सी किंवा त्याहून मोठा सेन्सर आणि बदलता येणारी लेन्स यांना पर्याय नाही.

झूमच्या आकड्याने होणारी फसगत तर याहून मोठी. '५ पट झूम' याचा अर्थ लेन्सचे सर्वांत लांब नाभीय अंतर सर्वांत लहान अंतराच्या पाचपट आहे, इतकाच. विषय किती जवळ दिसेल हे त्यावरून कळत नाही. २४ ते १२० मिलिमीटरची लेन्स पाचपट, १०० ते ४०० ची चौपट. पण भिगवणच्या पाणथळीतील रोहित पक्षी जवळ आणील ती दुसरीच. निकॉन पी१००० या कॅमेऱ्यात १२५ पट झूम आहे, ३००० मिलिमीटरच्या तुल्य दृष्टी आहे, आणि भर उन्हात वा पूर्ण चंद्रावर रोखला असता तो कुतूहलाचे समाधानही करतो. परंतु त्या टोकाला त्याचे ॲपर्चर, म्हणजे लेन्समधील प्रकाशाचे छिद्र, एफ ८ इतके लहान होते आणि मागे सेन्सर तोच २८ चौरस मिलिमीटरांचा. पहाटेच्या करड्या उजेडात तो हतबल होतो, आणि दुपारी उजनीच्या जलाशयावरील तापलेली हवा थरथरू लागली की कोणत्याच लेन्सचा इलाज चालत नाही. डिजिटल झूम नावाचा प्रकार तर केवळ चित्राचा मध्यभाग कापून मोठा करणे होय. ते काम घरी संगणकावरही करता येते.

आता ज्या गैरसमजामुळे सर्वाधिक पैसा वाया जातो त्याकडे वळू : महाग कॅमेरा घेतला की चित्र आपोआप चांगले येते, लेन्स कोणतीही चालते. शाळेच्या स्नेहसंमेलनाचे उदाहरण घ्या. सभागृहात अंधार, रंगमंचावर पिवळसर दिवे, मुले नाचत आहेत, आणि पालकाच्या हाती नवा कॅमेरा असून त्यावर सोबत मिळालेली १८ ते ५५ मिलिमीटरची लेन्स आहे. ५५ वर नेताच तिचे ॲपर्चर एफ ५.६ वर येते. आयएसओ ६४०० पर्यंत चढवूनही शटरला १/६० सेकंद लागतो, आणि तेवढ्या अवधीत मुलाचा हात हलून चित्रात पुसट पट्टा उमटतो. आयएसओ वाढवल्याने प्रकाश वाढत नाही, मिळालेला संकेत तेवढा मोठा होतो व त्याबरोबर दाणेही उठून दिसतात. लेन्समधील कंपनरोधक योजना धरणाऱ्याच्या हाताची थरथर सावरते, नाचणाऱ्याचा वेग तिला थांबवता येत नाही. याच कॅमेऱ्यावर ५० मिलिमीटर, एफ १.८ ची साधी लेन्स बसवली, तर साडेनऊपटीहून अधिक प्रकाश आत येतो, १/५०० सेकंदही पुरतो आणि हात जागच्या जागी स्थिर उमटतो. ही लेन्स बहुतेक कंपन्यांच्या यादीत स्वस्तातल्यांपैकी असते. तिच्यात झूम नाही, म्हणून पुढची खुर्ची गाठावी लागेल. पण नवा, दुप्पट किमतीचा कॅमेरा घेण्यापेक्षा तो मार्ग शतपटीने श्रेयस्कर. अंदाजपत्रकातील निम्म्याहून अधिक रक्कम नुसत्या कॅमेऱ्यावर खर्च होऊ देऊ नये, असा माझा आग्रह यामुळेच आहे. उरलेल्यात लेन्स, जादा बॅटरी, मेमरी कार्ड आणि तिपाई यांची तरतूद असावी.

आरशावरून दृश्य दाखवणारा डीएसएलआर कालबाह्य झाला, आता आरसा नसलेला मिररलेसच घ्यावा, हा आग्रह अर्धाच खरा आहे. कॅनन व निकॉन या दोघांनी २०१८ साली फुल-फ्रेम मिररलेससाठी लेन्स जोडण्याचे नवे माउंट आणले आणि नवीन लेन्स आता तिकडेच निघतात. म्हणून दीर्घकाळ व्यासंग करू इच्छिणाऱ्याने मिररलेस घेणे इष्ट. परंतु ज्याची ऐपत बेताची आहे त्याला जुन्या बाजारातील डीएसएलआर आणि त्याच्या मुबलक लेन्स हा उत्तम पर्याय आहे. डीएसएलआरची बॅटरीही अधिक टिकते. जुन्या निकॉन लेन्स मात्र पारखून घ्याव्यात, कारण ज्यांचा फोकस कॅमेऱ्यातील मोटरवर चालतो, त्या काही प्राथमिक डीएसएलआरवर हातानेच फिरवाव्या लागतात.

मुंबईत फोर्टातील बोरा बाजारात असा जुना माल पाहावयास मिळतो. तेथे शटर किती वेळा उघडले हा आकडा विचारण्याचा प्रघात आहे आणि तो योग्यही आहे. पण निकॉन डी८५० चे शटर २ लाख वेळा चाचणी केलेले आहे याचा अर्थ त्यापुढे ते बंद पडते असा नव्हे, आणि शटर बदलताही येते. त्याहून काळजीपूर्वक पाहावी ती लेन्स. ती एका हातात धरून, ॲपर्चर पूर्ण उघडून, मागून विजेरीचा झोत तिरका टाकावा. काचेच्या कडेपासून आत पसरत गेलेले कोळिष्टकासारखे बारीक तंतू दिसले, तर ती बुरशी समजावी आणि कितीही सवलत मिळाली तरी लेन्स परत करावी. किरकोळ धूळ आणि बाहेरचा एखादा ओरखडा यांनी चित्र बिघडत नाही. परदेशातील भाच्याकडून कॅमेरा मागवला की स्वस्त पडतो, या समजुतीलाही दुसरी बाजू आहे. बहुतेक कंपन्यांची कॅमेऱ्यावरील हमी विक्रीच्या देशापुरती असते, सीमाशुल्काचा हिशेब वेगळा, आणि येथे दुरुस्तीचा खर्च पदरचा. तेव्हा फरकाची रक्कम या तिन्ही बाबी वजा करून मगच मोजावी. पावती व हमीपत्र यांवरील क्रमांक कॅमेऱ्याच्या तळाशी असलेल्या क्रमांकाशी जुळतो की नाही, याची खातरजमा दुकानातच करून घ्यावी.

आणि कोकणात, गोव्यात किंवा मुंबईत राहणाऱ्याने खर्चाच्या यादीत एक घट्ट झाकणाचा डबा, सिलिका जेल आणि आर्द्रता दाखवणारे छोटेसे मापक यांचा समावेश पहिल्याच दिवशी करावा. चामड्याच्या पिशवीत कॅमेरा सुरक्षित राहतो हा समज पावसाळ्यात लेन्सच्या मुळावर येतो, कारण चामडे ओल धरून ठेवते. डब्यातील आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान राखावी, जेलच्या खड्यांचा रंग पालटला की ते तापवून कोरडे करून पुन्हा ठेवावेत, आणि आषाढ-श्रावणातही आठवड्यातून एकदा कॅमेरा बाहेर काढून वापरावा.